पेटीचं दार

"आत का घेत नाहीत गं त्यांना?" डाळिंबाच्या बागेत भानुदासने शेवंताआत्याला विचारलं. मधपेटीच्या दारात माश्याच माश्यांना ढकलत होत्या. ढकललेल्या गरगरत खाली पडत होत्या.

पेट्या आत्याच्या. फळ चांगलं धरावं म्हणून त्यानेच मागवलेल्या. "फवारायचं असेल तर आदल्या संध्याकाळी सांग, मी दारं बंद करीन," एवढंच तिचं म्हणणं होतं. आज फुलकिडे दिसले आणि त्याने सकाळीच पंप पाठीवर घेतला. सांगायचं राहून गेलं.

"अंगाला औषध लागलंय ना त्यांच्या," आत्या म्हणाली. "आत पिल्लं आहेत. राखणीच्या माश्या सख्ख्या बहिणीलाही आत सोडत नाहीत." मग ती खाली बसून मेलेल्या माश्या पदरात गोळा करू लागली.

तो घरी आला तेव्हा बायको तान्ह्या लेकीला उराशी धरून दारात उभी होती. "थांबा तिथंच! औषधाचे कपडे काढा आधी." दर फवारणीला ती हेच ओरडायची आणि तो हसायचा. आज हसला नाही.

अंगणात त्याच्यासाठी बादलीभर पाणी काढून ठेवलेलं होतं.