दहा अक्षरं

“मी ‘मुलगा पसंत नाही’ असं लिहिलं होतं! नाही, मावशी, नाही! आणि तू त्याला काय कळवलंस? मुलगा पसंत!”

भाची दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच मावशीच्या ऑफिसात घुसली होती. ती दातांची डॉक्टर. पेशंटशी एरवी लोण्यासारखं बोलायची, पण आज पारा चढला होता.

मावशीचं ऑफिस लग्न जुळवण्याचं. इतकी वर्षं सगळी स्थळं तिच्या डोक्यात असायची. हल्ली ती डोक्यातल्या डोक्यात एकमेकांत मिसळायला लागली होती. म्हणून तिने इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. माहितीचे तक्ते करा, त्यांना फॉर्म जोडा, झाला तुमचा प्रोग्रॅम; नवशिक्यालाही जमेल, असं त्यावर लिहिलं होतं. रोज दुपारी व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःवरच खेकसत मावशीने प्रोग्रॅम उभा केला आणि येईल त्याला दाखवून पिडायला सुरुवात केली. मुलगा-मुलगी भेटली की दोघांनी आपापल्या मोबाईलवर उत्तर लिहायचं आणि प्रोग्रॅमने ते परस्पर समोरच्याला कळवायचं. मध्ये मावशीने तोंड घालायचं कामच नाही.

तेव्हापासून नवलच चाललं होतं. जो तो ज्याला त्याला पसंत करत सुटला होता. कॉफी अर्धी टाकून पळालेला इंजिनियरसुद्धा ‘मुलगी पसंत’ कळवून मोकळा झाला. मावशीला वाटलं, आपल्या हातालाच गुण आहे.

“पण चष्मेवाल्यानेही ‘मुलगी पसंत’च लिहिलं होतं की,” मावशी म्हणाली. चष्मेवाला म्हणजे भाचीला दाखवलेलं स्थळ. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

“त्यानेही ‘नाही’च लिहिलं होतं! आज कळलं मला.”

आता मात्र मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि प्रोग्रॅमच्या पोटात शिरून ‘उत्तर’ नावाचा रकाना उघडला. लांबी : दहा. ही लांबी तिनेच ठरवली होती, बोटांवर मोजून. मु, ल, गी, मग मोकळी जागा, प, सं, त, पुन्हा मोकळी जागा, ना, ही. झाली दहा. याहून जास्त कुणाला काय बोलायचं असतं? पण कॉम्प्युटरने उकार वेगळा मोजला, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वारसुद्धा वेगळा. त्याची दहा अक्षरं ‘पसंत’पाशीच संपली. पुढचं ‘नाही’ त्याने गुपचूप कापून टाकलं.

“अगं बाई!” मावशीचा हात तोंडावर गेला. “मग त्या इंजिनियरचं परवा ठरलं ते कसं?”

“ते तू निस्तर.”

“निस्तरीन. पण तुला आज कसं कळलं? भेटलात कुठे तुम्ही?”

भाची जरा गडबडली. मग खुर्चीत बसली आणि सांगायला लागली. पहिल्या भेटीत त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, तुमची अक्कलदाढ किडली आहे. दोघं फणकाऱ्याने घरी गेली आणि ‘नाही’ लिहून मोकळी झाली.

“मग त्याचं ‘पसंत’ आलं. म्हटलं, बिचाऱ्याला आवडले मी, आता तोडून कसं बोलायचं? म्हणून समजावायला गेले. तर तो मलाच समजावायला आलेला.”

“मग?”

“एका भेटीत कुठे समजतं गं माणसाला?”

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. नाकावर नवा कोरा चष्मा होता. खोटं कशाला बोला, त्यात ती छान दिसत होती.

“आज त्याची दाढ काढली,” भाची म्हणाली. “भुलेने जीभ जड झालेली, त्यात त्याने कबूल केलं की आपण तेव्हा ‘नाही’ लिहिलं होतं. मग मीही कबूल केलं. तर तसाच गाल धरून उठला. म्हणाला, आता घरी जाऊन नीट लिहून कळवतो. सुजलेल्या तोंडावरून काही कळेना, राग आलाय की काय.”

“चुकलंच माझं,” म्हणत मावशीने दहा खोडून दोनशे केले आणि बटण दाबलं. “घ्या, आता लिहा हवं तेवढं.”

“वाढवलंस? आत्ताच कशाला वाढवलंस?”

“अगं, तूच भांडायला आलीस ना?”

“त्याचं उत्तर यायचंय अजून! आजच्या दिवस दहाच ठेव ना गं.” भाचीचा आवाज एकदम बारीक झाला. “मला आवडतो तो. नाही म्हणाला तर?”

मावशी काही बोलणार तेवढ्यात कॉम्प्युटर टुणकन वाजला. नवी नोंद आली होती. दोघी एकदमच पडद्यावर वाकल्या. फॉर्मवरच्या चौकटीत लिहिलं होतं : मुलगी पसंत नाही.

भाचीने चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसत बसली.

“बरोबर चालतंय आता तुझं सॉफ्टवेअर,” ती म्हणाली.

मावशीला रडू कोसळायचंच बाकी होतं. पण नवशिकी असली तरी ती खमकी बाई. तिच्या लक्षात आलं, आपण तक्त्यातला रकाना वाढवला खरा, फॉर्मवरची चौकट होती तेवढीच राहिली. तिने चौकटीत क्लिक केलं आणि उजव्या बाणाचं बटण दाबून धरलं. अक्षरं डावीकडे सरकायला लागली.

“ए, चष्मा लाव आधी,” मावशी ओरडली. “आणि वाच!”

‘...असं लिहिलं, तेव्हा चष्म्याची गरज मला होती.’