गाडी चढ घेत नाही

अर्ध्या चढावर गाडी पुन्हा धापा टाकायला लागली. तिने पाय दाबून धरला तरी वेग काही वाढेना. मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. आत कुजक्या अंड्यांचा वास भरला होता. तिने काच खाली केली, गाडी वळवली आणि उतारावरून थेट पानेवालीच्या गॅरेजकडे घेतली. दवाखान्यात उशीर झाला तर झाला. नाहीतरी ती नोकरी आज सोडायचीच होती.

पानेवाली हे नाव तिनेच ठेवलेलं, तेही जळून. त्या बाईशी ती आजवर एक शब्दही बोलली नव्हती. पाहिलं होतं एकदाच. गाडीचा जुना कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा तो सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा, वयोमानाने गेला होता, आणि नवरा गाडी घेऊन इथे आला होता. फोन घरी विसरला म्हणून ती द्यायला आली. रस्त्याच्या पलीकडूनच दिसलं. निळा डगला घातलेली बाई हातातला पाना पुसत काहीतरी समजावत होती, आणि नवरा हसत होता.

आता हसला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचं हसू म्हणजे ओठांच्या कोपऱ्यात एवढंसं. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं. त्या दिवशी मात्र गडी खांदे हलवून हसत होता. ती फोन न देताच परत फिरली.

तेव्हापासून दर रविवारी हेच. "गाडी जरा गॅरेजात दाखवून आणतो," म्हणायचा आणि टाकी फुल्ल करून यायचा. "तुला पंपावर रांगेत उभं राहायला नको." आधी तिला या काळजीचं कौतुक वाटायचं. आता शर्टाच्या बाह्यांना तेलाचा वास आला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. साबण घासघासून तिचे हात सोलवटले. अंगणातलं गवत गुडघ्याएवढं झालं होतं. बोटभर गवत वाढलं तरी ज्याला झोप यायची नाही, त्याने गवत कापायच्या मशीनला हात लावला नव्हता. मशीनच्या तेलाच्या बाटल्या मात्र आणत होता. माणसाचं चित्त थाऱ्यावर नसलं की असंच होतं, तिने मनाशी म्हटलं.

"दुसरा मेकॅनिक बघू या का?" तिने एकदा विचारून पाहिलं.

"कशाला? बाई हुशार आहे." त्याने ताटातून मान वर केली नाही. "त्यापेक्षा तूच ती वरची नोकरी सोड. खाली काय दवाखाने नाहीत? तुझ्या डोंगरी डॉक्टरला मिळेल दुसरी कुणीतरी."

डोंगरी डॉक्टर. तिला हसूच आलं होतं. निवृत्तीला टेकलेला तो म्हातारा, दोन पायऱ्या चढला की गुडघे धरून बसायचा.

अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणं हे तिचं काम. मागच्या आठवड्यात एका मुलीने स्वतःचं नाव न अडखळता सांगितलं, तेव्हा ती खोलीबाहेर जाऊन रडली होती. असं काम पुन्हा कुठे मिळणार? पण ते काम घट्ट धरून बसायचं आणि इकडे नवरा हातचा जायचा, हे तिला परवडणारं नव्हतं. रात्रभर तळमळून तिने ठरवून टाकलं होतं.

गॅरेजात पानेवालीने गाडी जॅकवर उचलली. खाली शिरून रबरी हातोडीने डब्यावर दोनदा ठोकलं. आत खडे वाजावेत तसा खुळखुळाट झाला.

"आतली जाळी फुटलीये," ती म्हणाली. "नवाकोरा डबा, मीच बसवलेला. एवढ्यात जायला नको होता."

"तुमच्या पथ्यावरच पडलंय की." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गाडी बिघडली की माझा नवरा इथे येतो. दर रविवारी येतो. मी काही आंधळी नाही. म्हणून नोकरी सोडतेय आज. आता मी घरातच असणार. बघू कोण कसं गॅरेजात येतं."

पानेवालीने हातोडी खाली ठेवली. तिला राग आलेला दिसला नाही.

"ताई, रविवारी मी गॅरेज उघडतच नाही. आईकडे असते. तुमचे मिस्टर इथे आलेत ते एकदाच, हा डबा बसवायला."

"मग हसत काय होता? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

पानेवालीने टाकीत नळी घातली, थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओढलं, हुंगलं आणि बाटली उजेडात धरली. पेट्रोल हिरवट आणि दाट दिसत होतं.

"यात तेल आहे. गवत कापायच्या मशीनच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते, आणि तेही भरपूर. टाकी कोण भरतं?"

तिने बाटली हातात घेऊन हुंगली.

"तोच."

पानेवाली चिंधीने बोटं पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांना बजावत होते. म्हटलं, पेट्रोलमध्ये तेल जाऊ देऊ नका, हाही डबा निकामी होईल. त्यांनी विचारलं, झाला तर? म्हटलं, खाली सपाटीवर चालेल कशीबशी. मग विचारलं, आणि वरच्या दवाखान्यापर्यंत?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. तेव्हा हसले."