बसलेला आवाज

विहिरीवर पोचताच मनकर्णाबाईनं नेहमीसारखं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. नुसती हवा निघाली.

रहाटापाशी चार बाया उभ्या होत्या. तिला येताना पाहूनच त्या गप्प झाल्या होत्या. मनकर्णाबाई आली की कोणाला ना कोणाला ऐकून घ्यावं लागे. एकीची घागर नीट घासलेली नसे, दुसरीची सून उशिरा उठे, तिसरीच्या पोराचं नाक वाहत असे. आणि ती सांगे ते बहुतेक वेळा खरं असे. त्यामुळं तिला उलटून कोणी बोलत नसे. तिच्याजवळ थांबतही नसे.

"घसा बसला वाटते," झुंबरबाई म्हणाली. तिचं घर मनकर्णाबाईच्या घराला लागून होतं.

मनकर्णाबाईनं मान हलवली. बाया एकमेकींकडं पाहून हसल्या आणि आपापल्या घागरी उचलून गेल्या.

संग्रामपूरला नवा सरकारी दवाखाना झाला होता. तिथल्या कंपाउंडरनं गुळण्यांचं औषध दिलं. "चार दिवस एक शब्द बोलाचा नाही, बाई," त्यानं बजावलं. ती तरातरा चालत परत आली, घराची कडी काढली आणि आत उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की या घरात बोलायला कोणी नव्हतंच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती लेक अन्नपूर्णा खामगावला दिलेली. ती दोन वर्षांत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई मुद्दाम उशिरा, उन्हं वर आल्यावर विहिरीवर गेली. तिथं झुंबरबाईची सून चांगुणा एकटीच होती. तिची घागर भरलेली होती, तरी ती उचलत नव्हती.

"काकू, तुमाले बोलता येत नाही ना?"

मनकर्णाबाईनं नकाराची मान हलवली.

"मंग तुमालेच सांगतो," चांगुणा म्हणाली आणि विहिरीच्या कठड्याला टेकली.

तिचं माहेर मेहकराकडचं. गेल्या महिन्यात तिची आई वारली, हे गावाला माहीत होतं. "माय बिमार हाय असं पत्र आलं व्हतं," चांगुणा सांगू लागली. "सासूबाई म्हणे, एवढी कापसाची वेचणी होऊ दे, मंग जाय. मी हाव म्हटलं."

मनकर्णाबाईच्या घशाशी उत्तर तयार होतं. हाव काऊन म्हटलं? पाय बांधले व्हते का कोणी तुये? तिनं जोर लावला. घशातून फक्त 'हं' असा श्वास बाहेर पडला.

चांगुणाला ते 'हं' हुंकारासारखं वाटलं. ती आणखी जवळ सरकली.

"आठ दिवसांनी गेली, तं माय जाऊन तीन दिवस झाले व्हते. भाऊ सांगे, सडकेवर मोटार वाजली का माय विचारे, चांगुणा उतरली का? सकाळच्या मोटारीले विचारे, संध्याकाळच्या मोटारीले विचारे. मी इथं कापूस वेचून राह्यली व्हती, काकू."

मग तिला रडू फुटलं. रडता रडताच ती म्हणाली, "घरात रडता येत नाही. सासूबाईले वाटते, मी त्यायले दोष देऊन राह्यली."

मनकर्णाबाई तिच्याशेजारी दगडावर बसली. बऱ्याच वेळानं चांगुणानं तोंड धुतलं, घागर डोक्यावर घेतली आणि "येतो काकू" म्हणून गेली. तिच्या पाठमोऱ्या चालीकडं मनकर्णाबाई पाहत राहिली. आपला घसा धड असता, तर आपण जे बोललो असतो ते खरंच होतं. पण मग ही पोरगी तिथूनच उठून गेली असती. मोटारीचं तिनं सांगितलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी चांगुणा पुन्हा त्याच वेळी आली. त्या दिवशी ती आईच्या हातच्या आंबाडीच्या भाजीबद्दल बोलली, आणि एकदा हसलीसुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी मेथीच्या वाफ्यात शेळी शिरली. "हाड!" मनकर्णाबाई ओरडली. आवाज खणखणीत निघाला. शेळी पळाली. मनकर्णाबाई मात्र वाफ्यातच उभी राहिली. तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं.

उन्हं वर आल्यावर ती विहिरीवर गेली. चांगुणा वाटच पाहत होती.

"आला का आवाज, काकू?"

आयुष्यात कधी कोणाशी खोटं न बोललेल्या मनकर्णाबाईनं नकाराची मान हलवली.

"राहू द्या, येईन आवाज हळूहळू," चांगुणा म्हणाली आणि कठड्याला टेकली.

दुपारी घरी आल्यावर मनकर्णाबाईनं दार लोटून घेतलं. अन्नपूर्णा शेवटची आली होती तेव्हा इथंच, चुलीपाशी बसली होती. "माय, तिकडं ना..." असं काहीतरी सांगायला तिनं सुरुवात केली होती. पुढचं मनकर्णाबाईला आठवेना. तिनं स्वतः लेकीला काय काय सुनावलं, ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

ती चुलीपाशी बसली. समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहत म्हणाली, "मंग? पुढं काय झालं, बाई?"

ते दरडावल्यासारखं निघालं. तिनं घोटभर पाणी घेतलं आणि पुन्हा म्हणून पाहिलं.