करकरणारा पलंग

सुतार पलंगावर बसल्या बसल्या उसळ्या मारू लागला आणि सून उगाच खिडकीचा पडदा सारखा करू लागली. पलंग हूं की चूं करेना.

“काकू, कुठं करकरतोय हा? यावर हत्ती घोरला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.”

सासूबाई दारातच उभ्या होत्या. कडेवर सात महिन्यांचे साहेब, आणि साहेबांच्या मुठीत आजीचा चष्मा.

वरचा मजला नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायचा होता. तीन खोल्या, तीन पलंग, स्वयंपाकघर तिघींत एक. दोघी सोमवारी यायच्या होत्या. तिसरीचं मात्र घोडं अडलं होतं, कारण सून रोज खाली येऊन सांगायची, “आई, मागच्या खोलीतला पलंग अजून करकरतो हो.”

पलंग बिचारा निर्दोष होता. सून रोज दुपारी एकला पडदे लावायला वर जायची. खिडक्या चार, पण पडदे अकरा दिवस लागतच होते. साहेब रात्रभर दरबार भरवायचे, आणि दिवसा घरातलं काम काही कुणाच्या झोपेसाठी थांबत नाही. त्या पलंगावर पाठ टेकली की तासभर ती कुणाची आई नसायची, कुणाची बायको नसायची. ओंडक्यासारखी पडून राहायची, तोंड उघडं टाकून. तिसरी मुलगी आली की तो तास गेलाच. म्हणून तिने मुक्या लाकडावर आळ घेतला होता.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्या रोज तीनला वर जायच्या त्या गळका नळ बघायला. तासाभराने “मेला ठिबकतोच अजून” म्हणत खाली यायच्या. नळाकडे इतक्या निष्ठेनं बघणारं माणूस सुनेने दुसरं पाहिलं नव्हतं.

आता सासूबाईंनी उशी उचलली. खाली साहेबांचा हरवलेला मोजा. सुनेने फरशीकडे बघितलं.

“ऊठ रे तू,” त्यांनी सुताराला उठवलं. साहेबांना सुनेकडे दिलं आणि स्वतः पलंगावर बसल्या. डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या. पलंग गप्पच.

“करकरतो,” त्या म्हणाल्या.

“अहो काकू, मी आत्ता...”

“करवत चालवून चालवून कान गेलेत तुझे. मला नीट ऐकू येतंय. असला पलंग परक्याच्या मुलीला द्यायचा नाही. या खोलीला कुलूप. दोघीच पुरेत.”

सुतार रंधा पिशवीत कोंबून पुटपुटत जिना उतरला.

“आई,” साहेबांना सावरत सून म्हणाली, “पलंग खरं तर...”

सासूबाईंनी गादीखाली हात घातला. पायथ्याकडून आपली डोकेदुखीच्या मलमाची डबी काढली, पाठोपाठ अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. ते पुन्हा नीट घडी करून जागच्या जागी ठेवलं.

“एक ते दोन तू झोप,” कपाळाला मलम चोळत त्या म्हणाल्या. “तीनला मला नळ बघायचा असतो.”