काट्यांची जोडी

"बर्फावर चालायला असले गंजके काटे मी बुटांना बांधणार नाही," दमयंतीताईंनी म्हाताऱ्या हिमाचली वाटाड्याला ट्रेकच्या सगळ्या गटादेखत सुनावलं. सह्याद्रीतले चाळीस गड पालथे घातलेली बाई ती! तो आपल्या घरात गेला आणि नवीकोरी जोडी घेऊन आला.

बर्फाच्या वाटेवर ताई झपाझप चालल्या. म्हातारा मात्र सारखा घसरत होता. "बाबा, पाय उचला जरा!" त्या दोनदा खेकसल्या.

अर्धवट गोठलेल्या धबधब्यापाशी तो खाली बसला, तेव्हा त्याच्या बुटांना सुतळीनं बांधलेले तेच गंजके काटे दिसले.

"मग माझ्या पायातले कोणाचे?" ताईंनी विचारलं.

"माझेच. मुलीनं पाठवलेत. आज पहिल्यांदाच घालणार होतो."



फोटोसाठी सगळ्यांनी काटे दाखवत पाय पुढे केले. ताईंनी आपले बर्फात खोल खुपसून ठेवले.