कोरकूतला तास

प्रशिक्षक कासदेकर सरांनी त्या तासाला मराठीचा एक शब्दही उच्चारला नाही. सभागृहातल्या शिक्षकांशी ते फक्त कोरकूत, मेळघाटातल्या आदिवासी मुलांच्या भाषेत, बोलत होते. तिथे नुकतीच बदली झालेल्या नलिनीबाईंसमोर थांबून त्यांनी काहीतरी विचारलं. बाई कसनुसं हसल्या. सरांनी तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि बाईंचे कान तापले. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या पहिलीच्या वर्गातली फुलवंती अशीच बसायची. आठवडाभर ती शाळेतच आली नव्हती.

चहाच्या वेळी बाईंनी सरांना गाठलं. "मघाशी मला रागावलात का हो?"

"छे! पाणी हवंय का, एवढंच विचारलं."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. 'तू शाळेत का येत नाहीस?' हे कोरकूत कसं म्हणायचं, ते त्यांनी सरांकडून शिकून घेतलं आणि परतीच्या बसमध्ये तेच पुटपुटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलवंतीच्या दारात जाऊन त्यांनी ते अडखळत म्हटलं. पोरगी आधी बघतच राहिली. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. मध्येच हातवारे करी, मध्येच डोळे पुशी. बाईंना त्यातलं अक्षरही कळेना. त्यांनी घाईघाईने सरांना फोन लावला, स्पीकर सुरू करून तिच्यापुढे धरला.

"काय म्हणतेय, सर? सांगा ना!"

"थांबा, मॅडम," सर म्हणाले. "तिचं अजून संपलेलं नाही."