फाटकापाशी आख्यान

रेल्वेचं फाटक पडलं तेव्हा सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. राघो कंडक्टर दारात उभा राहिला आणि त्यानं सगळ्या बसवरून एकदा नजर फिरवली. चाळीस माणसांनी माना खाली घातल्या. कोणी उठलं नाही.

डिंडोलीहून उधन्याला जाणारी सकाळची ही बस रोज इथंच अडायची. कोळशाचे ट्रक, कापडाच्या ताग्यांनी लादलेल्या हातगाड्या, बैलगाड्या, सायकली एकमेकांत अशा घुसायच्या, की फाटक उघडलं तरी अर्धा तास कुणाला पुढं सरकता येत नसे. सातचा भोंगा चुकला की कारखान्याचं दार बंद आणि दिवस बुडाला. म्हणून लोक इथं उतरायचे, बाजूच्या चिंचोळ्या वाटेनं रूळ ओलांडायचे आणि पुढचा दीड मैल पळत सुटायचे. बसमध्ये उरायची एकटी सुभद्राबाई. रूळ तीही ओलांडू शकली असती, पण दीड मैल तिच्या अधू पायाला झेपणारा नव्हता. सुताच्या बॉबिनी भरायची तिची शेड कारखान्याच्या दाराबाहेर होती; तिथं ती रोज उशिरा पोचायची, मुकादमाची बोलणी खायची, अर्ध्या रोजावर राबायची. पण पोचायची.

गेल्या आठवड्यात डेपोत कुजबुज झाली. फाटकापुढं बस रिकामी धावते हे वर कळलंय, सोमवारी एक साहेब वही घेऊन मोजायला येणार. पुढं काय होणार हे राघोला कुणी सांगायची गरज नव्हती. बस बंद, की सुभद्राबाईची चूल बंद. रविवारी तो घरोघर हिंडला, प्रत्येकापुढं हात जोडले. फक्त एक दिवस बसून राहा. लोटू विणकर कुरकुरला, घरात पाच खाणारी तोंडं आहेत म्हणाला, आणि शेवटी तोही कबूल झाला.

साहेब आला होता. बडोद्याकडचा, चष्मेवाला, मवाळ माणूस. राघोनं त्याच्यासाठी पुढचं बाकडं पुसून ठेवलं होतं, पण तो दाराशेजारी बसला. वही वाटभर मांडीवर मिटलेलीच होती. फाटक पडलं तशी त्यानं ती उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

"इथे बरेच लोक उतरतात, असं ऐकलं होतं."

"छे, साहेब. पुढचं तिकीट काढलेला माणूस मधेच कशाला उतरेल?"

साहेबानं दाराकडे पाहिलं. "नक्की?"

राघोच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती त्यानं सदऱ्याच्या आत सरकवली.

"नक्की," तो म्हणाला.

मालगाडी गेली, फाटक वर झालं, तरी एक चाक हललं नाही. ड्रायव्हर छगनभाईंनी इंजिन बंद केलं. कुणी घसा खाकरला, कुणी डबा उचलला. लोटूनं खिडकीतून मान बाहेर काढली. पलीकडं, गर्दी संपते तिथं, निंबाखाली एक नवीकोरी बस उभी होती. तोंड उधन्याकडं, पाटी नाही.

"ती कोनी वरात शे?" लोटू म्हणाला. मागं दोघं हसले.

बिघडली असेल, राघो पुटपुटला. त्याचं लक्ष बसकडं नव्हतं. लोटू उभा राहिला होता, आणि एक उठला की सगळे उठणार होते.

एकादशीला मारुतीच्या देवळात कीर्तनकार बुवांच्या मागं झांज धरून राघोनं बारा वर्षं काढली होती. माणूस घड्याळ कशानं विसरतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तिकिटं टोचायचा चिमटा पेटीवर ठेक्यात वाजवला आणि गळा मोकळा केला.

तापीला पूर आलेला. नावेत चाळीस माणसं. ऐन मध्यावर नाव भोवऱ्यात सापडली, गरगरू लागली. पोहणारे उडी टाकायला निघाले, पण एकानं जरी उडी टाकली तरी नाव कलंडणार, आणि कोपऱ्यात एक म्हातारी बसलेली, जिला पोहता येत नाही. राघोचा आवाज भरून आला.

"नावाडी म्हणतो, मायबाप, जागचे हलू नका. देव निघालाय काठावरून. तुम्ही फक्त बसून राहा."

इथं तो थांबला, बुवा थांबतात तसा, आणि नाम घेऊ लागला. चाळीस गळ्यांनी ते उचललं. लोटू कधी खाली बसला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"राघोभाऊ, नाव तरनी का बुडनी, तेवढं सांगी दे."

"सांगतो. बस तू."

दूर उधन्याला सातचा भोंगा झाला. तो सगळ्यांनी ऐकला आणि कोणी हललं नाही. सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत होती. साहेबाचं पेन हातात तसंच होतं.

सव्वासातला कोंडी फुटली. बस उधन्याला पोचली तेव्हा कारखान्यांची दारं लागलेली होती. माणसं निमूट उतरली, डबे काखेत मारून डिंडोलीच्या वाटेनं परत चालू लागली. सुभद्राबाई मात्र मागं थांबली. तिनं राघोच्या गालांवरून हात फिरवले, कानशिलांवर बोटं मोडली आणि लंगडत कामावर निघून गेली.

राघोनं माळ बाहेर काढली. "पाहिलंत ना, साहेब? शेवटपर्यंत एक जागा रिकामी नव्हती."

"जागा नव्हत्या मोजायच्या, फाटकाशी उतरणारे मोजायचे होते," साहेब लिहिता लिहिता म्हणाला. "ती निंबाखालची बस पाहिलीत? वीस जण जरी फाटकाशी उतरून चालत निघाले असते, तर रूळ ओलांडून येणाऱ्यांना भोंग्याआधी पोचवायला आजपासून ती रोज तिथं उभी राहायची होती. आधी सांगायची मुभा नव्हती, सांगितलं की लोक मुद्दाम उतरतात."

त्यानं वही राघोपुढं धरली. 'फाटकावर उतरणारे' या शब्दांसमोर एक ठसठशीत शून्य होतं, आणि खाली कंडक्टरच्या सहीसाठी जागा सोडलेली होती.